डाव्या डोळ्यातली रिंग

३ फेब्रुवारी
डाव्या डोळ्यात परत कचकच. नऊ वर्षं दोन्ही बुबुळांत प्लॅस्टिकच्या रिंगा घालून हिंडतेय, कधी तक्रार नाही, आणि आता हे. बुबुळं शंकूसारखी पुढे आली होती, ती या रिंगांनी ताणून सपाट केली. फोटोपुरतं पोट आत घेतो ना, तसंच. फक्त कायमचं.
नवरा म्हणतो, दाखवून ये. बघू.

७ फेब्रुवारी
लॅबमध्ये आज कवळीचा डावा सुळा उजवीकडे बसवला. मालकानं ती वर धरून विचारलं, "हा माणूस हसणार की चावणार?" सगळे हसले, मीही. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. दात बनवण्यापलीकडे मला काही येत नाही. डोळा गेला तर काय करू?

१० फेब्रुवारी
उजवा डोळा ठणठणीत — बुबुळाचा नऊ वर्षांपूर्वीचा नकाशा आणि आजचा, जुळी भावंडं! डॉक्टरीणबाई इतक्या खूश, की शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. "इतक्या वर्षांनंतरचा रिझल्ट बघा." मी तिथंच बसलेय, पण डाव्याबद्दल कुणी बोलेना. शेवटी मीच विचारलं. रिंग वर सरकलीय, बुबुळावरचा पडदा झिजलाय, रिंग काढावी लागेल. क्वचितच होतं म्हणे असं. लॉटरीत कधी चमचा लागला नाही, इथं बरा नंबर लागला.

१९ फेब्रुवारी
काढली. कापलेल्या नखाएवढी आहे. एवढ्याशा तुकड्यावर माझी नोकरी चालली होती!

६ एप्रिल
रिंग गेली आणि डाव्या डोळ्यानं मान टाकली. आता दुसऱ्या कुणाचा तरी पडदा बसवायचा. यादीत नाव घातलं.
सासूबाई म्हणाल्या, "माझा घे. तुझ्या चुका शोधून तयार झालेला डोळा आहे."
नवरा म्हणाला, "आई, जिवंत माणसाचा घेत नाहीत."
"मग थांबा थोडं."
हसून हसून पुरेवाट.

२ जून
अजून फोन नाही. मालक मला फक्त साचे ओतायला देतो, दातांना हात लावू देत नाही. वैताग आलाय नुसता. शेवटी हॉस्पिटलात फोन लावून विचारलं, "आमचा माल आला का?" नर्सनं "कळवू" म्हणून फोन ठेवला. काही लोकांना विनोदच कळत नाही.

११ जून
फोन आला — पडदा मिळाला! उद्या सकाळी ऑपरेशन. मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. नवऱ्यानं मालकाला कळवूनही टाकलं. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोण गेलं गं?"
मला माहीत नव्हतं. माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.