मफलरमधल्या बाटल्या

१० डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

थंडी नुसती मी म्हणते आहे. पोहण्याचा तलाव हंगामापुरता बंद करून वर जाळी ओढली. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तलावावर कामाला मला घेतलं खरं, पण इथे सगळ्यांसाठी मी अजून 'धाकटा'च.

आता तू हसशील. पाणी तपासायची पेटी बाबा थंडीत रोज संध्याकाळी घरी आणायचे, थेंबांच्या बाटल्या आपल्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायचे, आठवतं? बाटल्या गोठल्या की थेंब बिघडतात आणि पाण्याचा रंग खोटं बोलतो, हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं, पंपाच्या खोलीत आता हीटर आहे, बाटल्यांचे एवढे लाड पुरे. तर गेला आठवडाभर पेटी सकाळी कपाटात सापडते. बाटल्या मफलरमध्ये! त्या खोलीला कुलूप असतं, किल्ली माझ्याच उशाखाली. आईला गुडघ्यामुळे पायरी उतरवत नाही. तिला विचारलं, तर ज्याचं काम तो करतो, एवढंच म्हणाली. ताई, मी भित्रा नाही, पण त्या कपाटाकडे पाठ करून बसवत नाही.

मुलांना पापे. तुझी माया या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

१६ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न.

धाकट्याचं पत्र वाचलं. घाबरलाय बिचारा. पण त्यात तू त्याला दिलेलं उत्तर वाचून मला भूत नाही दिसलं, तू दिसलीस, काही लपवताना पदराशी चाळा करणारी. लहानपणी तो झोपेत उठून फाटकापर्यंत चालत जायचा आणि बाबा त्याला उचलून आणायचे. आता उचलून आणायला कोण आहे? तलावाच्या काठावर बर्फ धरत असेल. पाय घसरला तर जाळी काय धरणार त्याला?

खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. गुडघा शेकत जा, आणि आहे तशीच माया राहू दे.

तुझी
ताई

२२ डिसेंबर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तू ओळखलंस. पहाटे तो झोपेतच उठतो, बाबांचा कोट चढवतो आणि अनवाणी जाऊन पेटी घेऊन येतो. बाटल्या गुंडाळताना खोकतो, तेही थेट त्यांच्यासारखं. मग माझ्या दाराशी थांबतो आणि सरकार, आता झोपा, असं मला सांगतो. सरकार म्हणायचे ते फक्त तुझे बाबा. जागेपणी पोराच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकलेला नाही.

पहिल्या दिवशी माझी बोबडी वळली. दुसऱ्या दिवसापासून मी वाट पाहत बसू लागले. काठ निसरडा आहे हे ठाऊक असून त्याला अडवलं नाही, ताई. एका हाकेसाठी पोटचं पोर बर्फावर चालू दिलं. माझी मलाच लाज वाटते.

काल तुझं पत्र आलं. संध्याकाळीच त्याला पेटी आणायला लावली. कुरकुरला, पण आणली. बाटल्या मी माझ्या हातांनी मफलरमध्ये गुंडाळल्या, दाराला कुलूप घातलं. पोरगं उजाडेपर्यंत घोरत पडलं होतं.

मी मात्र जागीच होते. दाराशी कोणी आलं नाही.

त्याला यातलं काही कळवू नकोस. आईवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
आई