चौदा संगणकांचा परवलीचा शब्द

मी, तावोंगा कोंडवानी न्यिरेंडा, वय वर्षे सत्तावीस, अविवाहित, राहणार म्चेंगाउतुवा, म्झुझु, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. मन थाऱ्यावर नाही, कारण गुरुवारी लिलोंग्वेच्या इस्पितळात माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. हे लपवून सही करणे मला बरे वाटत नाही. हा चौथा खर्डा आहे.

१. राहते घर आईचेच आहे. बँकेतली शिल्लक आणि माझे कपडेही तिचे. निळा कोट मात्र तिने स्वतः वापरावा, मावशीला देऊ नये.

२. बाबांचा जुना संगणक लुसुंगु काकांना. बाबांनी मला घरीच शिकवले, शाळेत संगणक येण्याच्या कितीतरी आधी. बाबा डेबियनचे, काका फ्रीबीएसडीचे. संगणक चालवणाऱ्या या दोन्ही प्रणाली फुकट, दोन्ही उघड्या, म्हणजे आतली आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी. तरी दर रविवारी ताटातली मक्याची न्सिमा गार होईपर्यंत भांडण. बाबांच्या प्रणालीच्या गाभ्याला अट आहे: बदल करून पुढे दिलात, तर उघडाच द्या. काकांच्या प्रणालीला ती नाही. घ्या, हवे तर कुलूप लावून विका.

काका म्हणायचे, "दादा, बकरी दिलीस ना? मग दोरी कशाला धरून बसलास?"

"सोडलेली बकरी शेजाऱ्याच्या पातेल्यात सापडते, म्हणून!"

मी बाबांच्या बाजूची होते, अजून आहे. पण बाबांना पुरले त्या दिवशी मी काकांना "तुम्ही तर भावालाही सोडलंत" म्हणाले, ते शब्द परत घेते.

३. मुलींच्या शाळेतले जे चौदा संगणक मी सांभाळते, ते शाळेचे आहेत, माझे नाहीत. त्यांवर आधी उबंटू नावाची प्रणाली होती. मुलींना ती सोपी जाई, पण नऊ जुन्या यंत्रांना जड. म्हणून मी डेबियन घातले, कोणालाही न विचारता. मुलींना सांगत आले, "ही प्रणाली तुमची आहे, उघडून बघा." आणि ज्याच्याशिवाय प्रणालीत काहीच बदलता येत नाही, तो व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द तीन वर्षे फक्त माझ्या डोक्यात. मी परत आले नाही, तर मुख्याध्यापिका सगळे पुसून विकतच्या प्रणालीची बाजारातली चोरीची प्रत भरून घेतील. त्यांना दोष देता येणार नाही.

४. सदर शब्द धाकटी बहीण वेझी हिला, पुढील अटींवर: (अ) प्रत काढून ठेवल्याशिवाय काहीही अद्ययावत करू नये, (आ) नवी आवृत्ती आली की धावू नये, (इ) काकांचे ऐकून

अटी अकरा होत्या. वाचून दाखवत होते, तिसऱ्यालाच वेझी म्हणाली, "ताई, तू मला शब्द देतेयस की सासर?"

५. कलम चार रद्द. आज दुपारी वेझीला शाळेत नेले आणि शब्द सांगितला. अट एकही सांगितली नाही, जीभ आवरली. तिने मला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि चौदाही यंत्रांवर तो बदलला.

"नवा काय ठेवलास?"

"बरी होऊन ये, मग विचार."

"सांगशील?"

"बघू."

तो शब्द आता मला ठाऊक नाही. सबब त्याबाबत मागे ठेवण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

स्थळ: म्झुझु. सोमवार, १० जून २०१९.

(सही) तावोंगा न्यिरेंडा

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. तेमवानानी म्सिस्का, शेजारीण
२. योबे चिर्वा, टपाल कारकून

तिने आम्हा दोघांसमोर सही केली. अक्षर तिचेच आहे.