शिवणाच्या टेबलावरची गिटार

४ फेब्रुवारी

खोकं आलं! धाकट्या भावाला आधी थाप मारली होती की पडद्याचं कापड येणार आहे. उघडलं तेव्हा त्याचा चेहरा असा, जणू मी घरात साप आणून सोडला.

"ताई, हे काय?"

"गिटार. तुझी."

"ही गिटार नाही. हे सरपण आहे."

तसं म्हटलं तर खरंच. कच्च्या लाकडाचं धड, वेगळी मान, पुडीत स्क्रू, सहा खुंट्या आणि इलेक्ट्रिक गिटार म्हणून वायरींचं गुंतवळ. आणि एक कागद, त्यात अक्षरं कमी, चित्रं जास्त. माझ्या सोयीचं. मी शिवण तरी कुठे कुणाकडून शिकले? उसवलेले कपडे बघून बघूनच.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात लुळा पडला. ऑर्केस्ट्रात तीस वर्षं गिटार वाजवलेला माणूस. दवाखान्यातून घरी आला आणि पहिलं काम काय केलं, तर गिटार ऑर्केस्ट्रातल्या नव्या वादकाला देऊन टाकली. "जड आहे. रोज तिचं तोंड कशाला बघू?" व्यायामवाल्या बाई सांगून थकल्या, हात वापरला नाही तर तो असाच राहील. त्यांनी दाबायला स्पंजचा चेंडू दिलाय. चेंडू पलंगाखाली.

माझं म्हणणं एवढंच—त्याचा जीव चेंडूत कसा अडकेल? तो गिटारमध्ये अडकलाय. याने पुन्हा वाजवलीच पाहिजे. बस.

५ फेब्रुवारी

बोलत नाही माझ्याशी. जेवताना मीठ माझ्यासमोर होतं, मागितलं भावजयीकडे.

७ फेब्रुवारी

शिलाईचं मशीन भिंतीकडे सरकवलं, टेबलावर जुनी चादर घातली आणि घेतला पॉलिशपेपर. घासतेय, घासतेय. तासाभराने पलंगावरून आवाज—

"आडवं घासू नकोस!"

"मग कसं घासू?"

"लाकडाच्या रेषेत. ओरखडे पडतायत बघ!"

म्हणजे कापडासारखंच की! लाकडालाही उभा-आडवा धागा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण मी वेड पांघरलं. "मला नाही बाई कळत. दाखव." आला कुरकुरत. उजव्या हाताने घासायला लागला तर लाकूड सरकायला लागलं. मग काय करतो? डावा हात उचलून वर ठेवला, कागदावर वजन ठेवतात तसा. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी लाकडाकडे.

घासलेलं गुळगुळीत झालं का ते मला कळेना. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना काही कळायचं कधीच बंद झालंय. कापडाखाली हात धरायचा, वरून सुई यायची, टोचून टोचून शेंडे खडबडीत झालेत. रेशीम हातात घेतलं की धागे अडकतात. भावजय म्हणते, "वन्सं, पॉलिशपेपर आणलात कशाला? नुसता हात फिरवायचात!"

या घरात किती दिवसांनी कुणीतरी कुणाची थट्टा केली.

१२ फेब्रुवारी

रंगावरून भांडण. तो म्हणे काळा. मी म्हटलं, तीस वर्षं तुझे काळेच शर्ट शिवले, आता पुरे. शेवटी बाटलीहिरवा. कपडे रंगवायचा रंग पाण्यात कालवून फडक्याने चोळला. "कपड्यांचा रंग लाकडाला?" म्हणून आधी नाक मुरडलं. वाळल्यावर मात्र तीनदा उठून बघून गेला. मला वाटतं त्याला वाटतंय मी बघितलं नाही.

१८ फेब्रुवारी

मान बसली. आता ब्रिज, म्हणजे धडावरची ती पट्टी, जिच्यावर तारांचं खालचं टोक टेकतं. मानेच्या वरच्या टोकापासून ती किती अंतरावर यायला हवी, ते कागदावर लिहिलंय: साडेपंचवीस इंच. गळ्यातली टेप काढली, मोजलं, खडूने खूण केली.

"नीट मोजलंस ना?"

"अख्ख्या गल्लीची मापं घेतलीत मी. मला शिकवतोस?"

भोकं मी पाडली. धड त्याने धरलं. दोन्ही हातांनी!!

२३ फेब्रुवारी

वायरी जोडल्या. तो सांगणार, मी सोल्डर करणार, म्हणजे तापल्या कथलाचा डाग देणार. वायर धरायला तिसरा हात हवा होता. त्याने डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत धरली.

"हलवू नकोस रे."

"मी नाही हलवत. तो हलतोय."

हाताबद्दल असं बोलतो, घरात राहायला आलेल्या नकोशा पाहुण्यासारखं. पण वायर सोडली नाही. माझं नाक धुराने भरलं, डोळेही. धुरानेच.

२६ फेब्रुवारी

तारा चढवल्या. मोकळ्या तारा काय गोड वाजल्या! भावजय हात पुसत धावत आली. मग त्याने गिटार टेबलावर आडवी ठेवली, उजव्या हाताने मानेवरच्या आडव्या पट्ट्यांतल्या मधल्या पट्टीवर तार दाबून दुसऱ्या बोटाने छेडली, आणि तोंड कडू केलं.

"उतरतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बेसूर! मोकळी तार बरोबर, दाबली की खाली. जितकं वर जावं तितकं जास्त."

ब्रिजचे बारके स्क्रू असतात, तार पुढे-मागे सरकवायला. ते पार टोकापर्यंत फिरवले. तरी नाहीच. "म्हटलं होतं ना, सरपण आहे," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. भर दुपारी.

२७ फेब्रुवारी

सकाळपासून गिटारसमोर बसून होते. सगळं कागदाबरहुकूम, मग चुकतंय कुठे? सहज भावजयीची लोखंडी फूटपट्टी घेतली आणि टेपशेजारी ठेवली. आई गं! फूटपट्टीने मोजत गेले, तर टेपवरचे साडेपंचवीस म्हणजे खरे पावणेसव्वीस. पाव इंचाचा घोळ!

इतकी वर्षं गळ्यात लोंबकळून, गिऱ्हाइकांच्या पोटांभोवती ओढून ओढून टेप ताणली गेलीय. आणि मला पत्ताच नाही! कळणार तरी कसं? अंग त्याच टेपने मोजायचं, कापड त्याच टेपने कापायचं. कपडा बरोबरच बसणार. गिटारच्या मानेवरच्या पट्ट्या मात्र कारखान्यात कुणी परक्या टेपने बसवलेल्या.

धाकट्याला जाऊन सांगितलं.

"म्हणजे माझी कंबर बत्तीस कधी नव्हतीच?"

"नव्हती."

"ऑर्केस्ट्रात सगळ्यांना सांगत फिरलो की मी!"

आणि हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा. भावजय पाणी घेऊन आली, तीही दारातच हसत बसली. टेप गळ्यातून काढून खुंटीला टांगली. टाकवत नाही.

मग टेपचं नावच काढलं नाही. धाकटा म्हणाला, मधली पट्टी तारेच्या बरोबर निम्म्यावर आली पाहिजे, एवढंच गणित. मग दोरा कशाला आहे? मानेच्या वरच्या टोकापासून मधल्या पट्टीपर्यंत दोरा धरला, त्याच्या दुप्पट केला, खूण केली. जुन्या भोकांत गोंद लावून काड्या ठोकल्या.

२ मार्च

नवी भोकं. पुन्हा तारा. त्याने मधली पट्टी दाबली, कान खाली नेला.

"बरोबर."

एवढंच बोलला. भावजयीने नळ बंद केला होता, ऐकायला.

५ मार्च

आज त्याने गिटार मांडीवर घेतली, नेहमी घ्यायचा तशी. डावा हात मानेवर नेला. अंगठा आणि दोन बोटं जातात. उरलेली दोन येत नाहीत. जी जातात त्यांच्यात जोर नाही. तार नुसती माशीसारखी गुणगुणते. तो करत राहिला. मी शर्टाचं एकच काज पुन्हा पुन्हा शिवत राहिले.

मग गिटार खाली ठेवली. आपटली नाही. अगदी हळू.

"ताई, कप धरता येईल, बटण लावता येईल. हे नाही येणार. तू आता मनातून काढून टाक."

संध्याकाळी व्यायामवाल्या बाई आल्या होत्या. हात कितीतरी सुधारला म्हणाल्या, खूश होत्या. जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं. त्या थांबल्या, म्हणाल्या, "आजी, गिटारचं मी नाही सांगू शकत."

नाही सांगू शकत म्हणजे काय, ते न कळायला मी काही लहान नाही.

६ मार्च

गिटारवर त्यानेच चादर घातली. धूळ बसू नये म्हणून, म्हणाला.

९ मार्च

चादर काढलेली. गिटार मांडीवर, उजवा हात तारांवर—तो हात काही विसरलेला नाही. "ताई, इकडे ये. माझ्या डाव्या बाजूला बस. हे बोट इथे, हे इथे, तिसरं तिथे. आता दाब." दाबलं. त्याने हात फिरवला. सगळ्या तारा जुळून एकदम पुरी कॉर्ड वाजली, खणखणीत!

"दुखतंय? नव्या माणसाची बोटं सोलून निघतात."

"छे."

त्याने माझा हात उलटा करून बघितला. खडबडीत शेंड्यांवरून अंगठा फिरवला, डाव्या हाताचा. "तयार करूनच ठेवलीस की गं!"

उद्या दुसरी कॉर्ड. मागच्या गल्लीतल्या बाईंनी कोट शिवायला टाकलाय, त्यांना निरोप धाडायला हवा: कोटाला उशीर होईल, शिवणारी शिकवणीला जाते.