नवरीचे ब्लाऊज शिवणाऱ्या दोघींचं घर

मी, श्रीमती पुष्पावती छगन धांडे, वय ६८, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार कर्जत, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर (जुन्या कागदांवर अहमदनगर असेल, घर तेच आहे), पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय आणि कोणाची परवानगी न घेता हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो पुरेसा वाटत नसेल तर हेही नोंदवते, की आज सकाळी मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला. वकीलसाहेबांना चष्मा लावूनही जमलं नाही.

वकीलसाहेबांनी मसुदा टाईप करून आणला होता. मी तो वाचला आणि परत दिला. त्यातलं एक वाक्य मला मान्य नाही, ते पुढे तिसऱ्या कलमात येईल. म्हणून सगळंच माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर सातवी पासचं आहे, पण ओळ सरळ आहे.

कलम १. माझे यजमान छगन १९८४ साली विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले. मी सत्तावीस वर्षांची, थोरला रंगनाथ सात वर्षांचा, धाकटा सुनील दोन वर्षांचा. तेराव्याला माहेरहून दुखवट्याचं पांढरं लुगडं आलं. चुलतसासू म्हणाल्या, "आता रंगाला हात लावू नको बाई. आन् शिवायचंच झालं तर नवरीच्या कापडाला तर आजिबात न्हाई." लुगडं मी दोन दिवस नेसले, तिसऱ्या दिवशी त्याला कात्री लावली. कापड मऊ होतं. सुनीलची दोन झबली निघाली आणि उरलेलं लोकांच्या ब्लाऊजांना अस्तर म्हणून गेलं. ते कोणाकोणाच्या ब्लाऊजात आहे हे मी कधी सांगितलं नाही. सगळ्या सुखात नांदल्या.

विधवेच्या हातचा ब्लाऊज नवरीने घालायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक. पण फिटिंग माझ्याच हातचं लागायचं. मग बायका मागच्या दाराने यायच्या, पदराखाली कापड घेऊन. सासरी कोणी विचारलं तर सांगायच्या, "नगरच्या टेलरनं शिवलाय." एकोणीस वर्षं मी नगरचा टेलर होते. २००३ साली रतनबाई क्षीरसागर लेकीच्या हळदीचं कापड घेऊन पुढच्या दाराने आल्या, भर बाजाराच्या दिवशी, कापड उघडं हातात धरून. म्हणाल्या, "पुष्पाबाई, घ्या माप. कोन काय म्हनतंय ते मी बघते." त्या लेकीला आता दोन मुलं आहेत आणि नवराही धडधाकट आहे.

कलम २. राहतं घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या, पुढची शिवणाची खोली आणि मोकळी जागा, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. जागेचं खरेदीखत माझ्या एकटीच्या नावे आहे, सोबत जोडलं आहे. वडिलोपार्जित असं या घरात काही नाही. मागच्या खोल्या शाळेच्या गणवेशांवर उठल्या आणि पुढची खोली खिशाच्या परकरावर. खुरपायला जाणाऱ्या बायकांना मोबाईल ठेवायला जागा नव्हती. मी परकराला आतून चेनचा खिसा लावला. तालुक्यात असा परकर माझ्या आधी कोणी शिवला असेल तर त्याने समोर यावं.

कलम ३. सदर घर मी माझी धाकटी सून, कै. सुनीलची पत्नी निकिता हिला पूर्ण मालकीहक्काने देते. सुनील चार वर्षांपूर्वी काविळीने गेला. त्याची मुलगी राजनंदिनी नऊ वर्षांची आहे.

वकीलसाहेबांच्या मसुद्यात इथे लिहिलं होतं, "तिने पुनर्विवाह न केल्यास." मी विचारलं, हे कोणी घालायला सांगितलं? म्हणाले, "कोणी नाही मावशी, सुनेला द्यायचं असलं की असं लिहायची पद्धत आहे." त्या पद्धतीवर मी रेघ मारली. माझं वाक्य असं आहे : निकिताने पुन्हा लग्न केलं तरी, नाही केलं तरी, केलं आणि मोडलं तरी, घर तिचं. नवरा इथे राहायला आला तरी घर तिचं. विकावंसं वाटलं तर तिने विकावं, माझ्या आत्म्याला विचारत बसू नये.

रंगनाथला याची कुणकुण लागली होती. गेल्या महिन्यात येऊन म्हणाला, "आई, उद्या तिनं दुसरं लगीन केलं तर घर परक्याच्या घशात जाईल. आपलं हाय ते आपल्यात राहू दे." मी म्हणाले, "ती आपली न्हाई का?" तर म्हणाला, "सुनील हुता तवर हुती." हे वाक्य त्याने माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पिताना उच्चारलं. निकिता आतल्या दारात काज करत होती. तिने ऐकलं. त्याच दिवशी मी वकीलसाहेबांना फोन लावला.

कलम ४. गावाकडची जमीन यजमानांची. माझा हिस्सा मी आधीच मुलांना सोडला होता, म्हणून ती दोन्ही भावांची. आज ती एकट्या रंगनाथच्या नावावर आहे. कशी, ते लिहून ठेवते. सुनीलच्या दहाव्याच्या दिवशी, घाटावरून आल्यावर, रंगनाथने निकितापुढे कागद ठेवला. म्हणाला, वारसनोंदीचा आहे, सही कर. तिचे डोळे सुजलेले. तिने सही केली. मी शेजारी बसले होते. उभ्या आयुष्यात कापड दोनदा मोजल्याशिवाय कापलं नाही, आणि तो कागद मात्र मी हातात घेऊन वाचला नाही, कारण आणणारा माझा मुलगा होता. ते हक्कसोडपत्र निघालं. ही चूक निकिताची नाही, माझी आहे. जमिनीचं मला आता काही करता येत नाही. घराचं येतं.

कलम ५. रंगनाथला आईने काहीच दिलं नाही असं म्हणायची सोय राहू नये, म्हणून त्याला मी त्याची खाकी अर्धी चड्डी देते. ट्रंकेत वर आहे. पाचवीत शिवली, आठवीपर्यंत त्याने घातली. शिवताना मी कमरेला, बाजूंना आणि खाली भरपूर माया सोडली होती, म्हणजे वाढीसाठीचं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं होतं, आणि दर जूनमध्ये थोडी उसवून मोठी करत गेले. वर्गात त्याची चड्डी कधी आखूड दिसली नाही. त्याने ती उलटी करून आतल्या शिवणी बघाव्यात. माझा त्याच्यावर राग आहे आणि तो मी सोबत घेऊन जाणार आहे. जीवही आहे, त्याला माझा इलाज नाही.

कलम ६. पायमशीन, ओव्हरलॉक, तीन कात्र्या, इस्त्री आणि कागदी कटिंगचे सगळे गठ्ठे निकिताला. मशीनचं तेलपाणी फक्रुद्दीन तांबोळी मिस्त्री करतील. दुसऱ्या कोणाला पट्ट्याला हात लावू देऊ नये. कटिंगांवर नावं घातली आहेत. "तीन दिवाळ्यांचा फ्रॉक" म्हणजे घेरात तीन दुमड्या, दर दिवाळीला एक उसवायची. "बाळंतिणीचा गाऊन" बाजूच्या नाड्यांवर सैल होत जातो आणि चुणीखालून बाळाला पाजता येतं. "लग्न-बाजार जाकीट" उलटसुलट घालायचं, एका बाजूला खण, दुसऱ्या बाजूला साधं सुती. यातलं एकही मी पुस्तकात बघून शिवलेलं नाही, समोरच्या बाईची अडचण बघून शिवलं आहे. बँकेत जे असेल ते राजनंदिनीच्या शिक्षणाला.

कलम ७. देण्याघेण्याचे ब्लाऊज पीस. आपल्याकडे लग्न, बारसं, वास्तुशांत, काहीही असो, ब्लाऊज पीस द्यायचा. तो कोणी शिवत नाही. ऐंशी सेंटीमीटरमध्ये धड बाई मावत नाही आणि रंग पहिल्या धुण्यात बादलीत. घेणारी तो ट्रंकेत ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसरीला देते. एकदा मी गंमत म्हणून एका मोरपंखी ब्लाऊज पीसच्या काठावर पेन्सिलीने बारीक फुली मारून थोरल्या सुनेला दिला. सहा वर्षांनी तो मला एका वास्तुशांतीच्या आहेरात परत मिळाला, घडीही न मोडलेला. इतकी घरं फिरला, कोणाच्या अंगाला लागला नाही. माझ्या ट्रंकेत असे दीडशेच्या वर आहेत. तीन-तीन जोडून राजनंदिनीच्या मैत्रिणींना झगे होतील. निकिताने मीठ घालून धुवून रंग आधी बांधून घ्यावा.

कलम ८. हे लिहू नको असं निकिता म्हणाली होती, म्हणून लिहिते. गेल्या वर्षी रंगनाथच्या लेकीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न झालं. ब्लाऊज शहरातून शिवून आणले, महागातले. हळदीच्या सकाळी तिने हात वर केला आणि मुंढा काखेतून टरकला. मग निकिताची आठवण झाली. तिने मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी, उभ्याने तो ब्लाऊज उसवून काखेत कळी, म्हणजे कापडाचा जोड, घातली आणि पंधरा मिनिटांत परत दिला. मग हळद लावायला पुढे निघाली, तर थोरलीने हात आडवा केला, "तू नको गं, तुला म्हाईत न्हाई का?" निकिता परत टाकीपाशी येऊन उभी राहिली. मी जेवले नाही, तिला घेऊन पहिल्या टेम्पोने घरी आले. वाटेत म्हणाली, "आत्या, तुमी तरी थांबायचं हुतं." मी चाळीस वर्षं थांबले होते, आता कशाला थांबू?

ज्ञानेश्वरीवर माझा राग नाही. चार दिवसांनी ती एकटी आली, निकिताच्या हाताने कपाळाला हळद लावून घेतली आणि रडली. बाळंतिणीचा पहिला गाऊन तिला शिवून द्यावा, निळ्या सुतीचा.

कलम ९. मी गेल्यावर कोणी साड्या आणि ब्लाऊज पीस आणू नयेत. आणायचंच असेल तर अडीच मीटर सुती कापड आणावं, पन्हा मोठा बघून, ते निदान कोणाच्या अंगाला लागेल. मला माझी हिरवी इरकल नेसवावी. थोरली सून हरकत घेईल. तिला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं. तेराव्याला निकिताला कोणीही पांढरं देऊ नये.

कलम १०. साक्षीदारांबाबत. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीला शेजारचे रामहरी सुपेकर गुरुजी घ्या, शिकलेले आहेत, आत्ता इथेच आहेत. ते खरंच पुढच्या खोलीत होते, पँट घेऊन. हे गुरुजी पाच वर्षांपूर्वी बायको वारल्यापासून एकटे राहतात. या वर्षात त्यांनी एकच करडी पँट चार वेळा आणली. दोनदा कमरेत आत घ्यायला, दोनदा सैल करायला. मी त्यांची कंबर मोजली आहे, ती पावणे छत्तीस होती आणि आजही पावणे छत्तीस आहे. निकिता दर वेळी तितक्याच मन लावून ती उसवते आणि पैसे घेत नाही. दोघांना वाटतं म्हातारीचं लक्ष मशीनवर आहे.

गुरुजी आपण होऊन पेन काढून पुढे आले, "मावशी, मी करतो सही." मी नको म्हणाले. वकीलसाहेबांनी कारण विचारलं. मी म्हणाले, तुम्हीच मघाशी सांगितलंत ना, ज्याचा घराशी संबंध यायचा आहे त्याची साक्ष घेऊ नये म्हणून. गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं, ते दोनदा खाली पडलं. निकिता माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, आवो काय बोलताय." नाही मात्र म्हणाली नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि वकीलसाहेबांनीही ऐकलं, म्हणून इथे नोंदवते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे बदललंच, तर निकिताचं लग्न मी जिवंतपणी लावलं म्हणून बदलेन.

सही : पुष्पावती छगन धांडे

साक्षीदार :
१. रतनबाई क्षीरसागर, कर्जत (सही)
२. फक्रुद्दीन तांबोळी, शिलाई मशीन दुरुस्ती, कर्जत (सही)

स्थळ : कर्जत, पुढची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५