बरणीच्या रंगाचं स्टूल

नाशिक, गुरुवार, मार्च २००१

हिराबाई आजही स्टुलावर बसल्या नाहीत. पंचवटीत फुलं विकतात, जागा कायम ओली, त्यामुळे त्यांचं लाकडी स्टूल दरवेळी कुजतं. म्हणून मी चिनी मातीचं करून दिलं. भट्टीतून निघाल्यावर दोन माणसं त्यावर उभी केली होती, तडा गेला नाही. आणि आज बघते तर स्टुलावर शेवंतीची टोपली, बाई खाली पोत्यावर!

"अहो मावशी, तुमच्यासाठी केलंय ना?"

"ताई, लोणच्याच्या बरणीवर कुनी बूड टेकतं का? लय पाप वाटतं."

वर तपकिरी, खाली पांढरा. रंग मीच निवडला. घरोघरची बरणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तिचाच रंग दिला की लोकांना भरवसा वाटेल, म्हणून. पण बरणी काय नुसत्या मातीमुळे टिकते? आंघोळ करून, कोरड्या हातांनी शिवतो आपण तिला. हे मला कसं सुचलं नाही?

दुसऱ्या रंगाचं करून देऊ का, विचारलं. त्यांनी पदरानं स्टूल पुसलं. "ऱ्हाऊ द्या. फुलं गार ऱ्हातात त्याच्यावर."

चिडले होते खरं तर. आता हसू येतंय. त्याच्या जोडीचं स्टूल, तेच तपकिरी-पांढरं, महिनाभर माझ्या खोलीत आहे. त्यावर पाण्याचा तांब्या ठेवलाय, आणि हे मी जमिनीवर बसून लिहितेय.