पाचवं शील

प्रिय संघदीप,

तुझ्या आईचा जयभीम. फोनवर तू "बरं बरं, आई" म्हणून ठेवून देतो आणि माझं अर्धं बोलणं तोंडातच राहते. म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाच.

परवा तू म्हणाला, लग्नात बाबाले मागंच बसव, मुलीकडचे काय म्हणतील. तेव्हापासून माझं डोकं तापून आहे. ज्या माणसानं लोहाऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करून, वार्निश लावलेली तार गुंडाळून गुंडाळून तुला इंजिनियर केलं, त्याला मागं बसवू? कायले? चालताना झोक जातो म्हणून?

वैशाखी पौर्णिमेचं तुला सांगितलं नव्हतं. विहारात दहा वर्षांपासून वंदना तुझे बाबाच म्हणवून घेतात. यंदा दारू न पिण्याच्या पाचव्या शीलावर त्यांची जीभ अडखळली, आणि मागून कोणी तरी ओरडला, "काकाजी, अगोदर सोडा, मंग म्हना!" सारा विहार हसला. भगवंताच्या मूर्तीपुढे हसला! कमिटीच्या इंद्रजितभाऊंनी बाहेर येऊन सांगितलं, पुढच्या पौर्णिमेपासून दुसरा कोणी वंदना घेईल, तुम्ही आराम करा. तुझे बाबा मान डोलावून निघाले. पायरी उतरताना पडले, तर हात द्यायला कोणी आलं नाही. पिऊन पडलेल्याला कोण उचलते?

मग तुझ्या बहिणीनं, दीपानं हट्ट करून त्यांना नागपूरला नेलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, ही दारू नाही. मेंदूतल्या नसांवर एक वेष्टण असते, ते तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. यांच्या त्या पेशींतच खराब प्रोटीन साचलं आहे, म्हणून नसांची निगा राहत नाही आणि त्या मरत चालल्या. तोल जातो, जीभ जड होते, उभं राहिलं की प्रेशर पडते. मला काही उमजेना. तुझ्या बाबांना लगेच उमजलं. "म्हंजे साहेब, तारेवरचं वार्निश गेलं." डॉक्टर म्हणाले, "वार्निश लावणारा कारागीरच आजारी पडला, काका." बाबा हसले. डॉक्टर हसले नाहीत. बरं करणारं औषध अजून निघालं नाही म्हणे, आणि आवाज किती दिवस टिकेल तेही सांगता येत नाही.

रिपोर्टची झेरॉक्स घेऊन मी इंद्रजितभाऊंकडे गेले. म्हणतात, "वहिनी, आमाले काय माहीत?" मी म्हटलं, माहीत नव्हतं तर हसले काहून?

असं मी त्यांना विचारून आले, पण मी तरी कुठं वेगळी? कारण बाबा पितात हे तुला पहिल्यांदा मीच सांगितलं होतं. दीड वर्षापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या तोंडाचा वास घेत होते. कधीच आला नाही, तरी मी मानलं नाही. शेवटी शेवटी ते दारात आले की स्वतःच तोंड उघडून उभे राहायचे. काल मी त्यांच्या पाया पडून माफी मागितली. ते अडखळत एवढंच म्हणाले, "पोराले नको सांगू. त्याले वाईट वाटन." त्यांचं मी आजवर सगळं ऐकलं, हे ऐकणार नाही. तुला वाईट वाटलंच पाहिजे, बाळा.

तुझीच,
आई