काटेरी बोंडाची खुर्ची

प्रिय अख्तरी,

वैष्णवीच्या या विलायती गावात येऊन महिना झाला, तरी मी अजून अर्ध्या झोपेत असल्यासारखीच फिरते. गाव आपल्या रिठदच्या निम्मंही नाही. सकाळी धुकं उतरतं आणि मेंढ्या दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. पोरगी दवाखान्यात ड्युटीवर गेली की घरात मी आणि ते धुकं. काल तुझ्या अजहरचा फोन आला. पाय साथ देत नाहीत म्हणून बांगड्यांचं दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं देतेस म्हणे. अन्सारभाईंच्या हातचं दुकान! रात्रभर तेच डोक्यात होतं.

गावाच्या टोकाला जुन्या जमीनदाराची हवेली आहे, आता तिकीट काढून बघायची. रविवारी गेलो. खोल्या एवढ्या, की माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. खिडकीपाशी मखमली खुर्ची होती, तिच्यावर एक वाळकं काटेरी बोंड. वाटलं, वाऱ्यानं आलं असेल. उचललं, पदरात ठेवलं नि बसले. ऊन अंगावर आलं. बाहेर तळ्यात हंस होता की ढग, ते कळेना, आणि डोळा लागला.

जाग आली तर वैष्णवी लाजेनं लाल, आणि समोर तिथली राखणदार म्हातारी, हिल्डा. ते बोंड मुद्दाम ठेवतात गं, कोणी बसू नये म्हणून! पण हिल्डा रागावली नाही. बसायला कशी आहे, असं तिनं वैष्णवीकरवी हळूच विचारलं. तिची आजी इथं मोलकरीण, मग आई, आता ही. खुर्ची रोज पुसली, पण बसलं कोणी नाही. मी उठले नि म्हटलं, “मायबाई, कायले उभी राह्यली? बस न तू बी.” भाषा नाही कळली, हात कळला. दाराकडे चोरून बघत ती बसली नि पोरीसारखी हसली. मग कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मला उगीच रडू आलं.

अख्तरी, फोनवर हा विषय काढला की तुझा चहा उतू जातो, म्हणून लिहिते. भाई गेल्यापासून त्यांच्या खुर्चीवर तू त्यांचा चष्मा ठेवतेस आणि स्वतः दिवसभर काउंटरला टेकून उभ्यानं बांगड्या भरतेस. अगं, दुकान झेपत नाही असं नाही, उभं राहणं झेपत नाही. दुकान देऊ नकोस. चष्मा गल्ल्यात ठेव आणि बस. भाईंनी तुला उभं राहू दिलं असतं का?

तुझीच,
विजयमाला